डी ड्राइव्हमधलं भूत

गौरी-गणपती गेले, घरातला गलका ओसरला, तेव्हा कुठे मला कॉम्प्युटरमधला तो आवाज ऐकू आला. कट्ट. मग थोडी घरघर. पुन्हा कट्ट. पंख्यात धूळ बसली असेल म्हणून दोन दिवस मी लक्षच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पेजमेकर, म्हणजे माझं पानं लावायचं सॉफ्टवेअर, उघडायला चार मिनिटं लागली. एरवी कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत तो उघडलेला असतो.

मी कोल्हापुरात घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, काम करते. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, आणि भाद्रपद लागला की दिवाळी अंक. २०२४ साली दोन अंक अंगावर होते. एकाची ९६ पानं लावून झालेली, दुसऱ्याच्या कथा टायपिंगला येऊ लागलेल्या. अशा वेळी मशीन कुरकुरणं म्हणजे मांडव घातल्यावर आचारी पळून जाण्यासारखं.

मशीन २०११ सालचं. त्यावर विंडोज ७. तिचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्येच थांबला, हे मला माहीत आहे आणि माझा मुलगा ते दर सुट्टीत ऐकवतोही. म्हणून त्या मशीनला इंटरनेट जोडलेलं नाही, मेल वगैरे सगळं लॅपटॉपवर. पण कामाचं मशीन बदलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पेजमेकर ७ आहे, तो २००१ सालचा. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला खोचायच्या किल्लीसारख्या तुकड्यावर, चालतं, आणि त्याची सीडी दोन घरं बदलताना कुठे गेली ते देव जाणे. फॉन्ट सगळे जुने, युनिकोडच्या (मराठी अक्षरांना स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे. त्यांत 'क' हा खरा 'क' नसतोच. कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चा आकार बसवलेला असतो. फॉन्ट गेला की पान उघडतं, पण त्यात मराठीऐवजी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. शिवाय पीडीएफ काढायच्या डिस्टिलरच्या सेटिंग्ज आहेत. त्या प्रेसमधल्या एका माणसाने कधी काळी घरी येऊन, चहा पिऊन करून दिल्या होत्या. तो माणूस आता दुबईत आहे.

कॉम्प्युटरवाल्या दादांना बोलावलं. ते आले, कॅबिनेटला कान लावला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"वहिनी, हार्डडिस्क चालली. नवी टाकू, फॉरमॅट मारून विंडोज घालून देतो. दोन तासांचं काम. डेटा तेवढा कॉपी करून ठेवा."

"डेटा आहे हो पेनड्राइव्हवर. बाकीचं काय?"

"बाकीचं काय?"

इथेच तर आमचं अडलं. दादांच्या लेखी डेटा म्हणजे सगळं, आणि माझ्या लेखी तो अर्धाही नाही. आमच्या धंद्यात मजकूर हातात असणं वेगळं आणि लावलेलं पान हातात असणं वेगळं. मजकूर काय, लेखक पुन्हाही पाठवेल. पण ओळी कुठे तुटल्या, जोडाक्षर कुठे हाताने सरकवलं, चौकट किती आत घेतली, हे पानातच असतं. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. फायली हा मजकूर. विंडोज, फॉन्ट, ड्रायव्हर, तेरा वर्षांच्या सवयी, हे सगळं मिळून लावलेलं पान. मला पान हवं होतं.

दादांना एकदम आठवलं. "अहो, पण तुमच्यात घोस्ट आहे की! मीच मारून ठेवला होता."

खरंच होता. डी ड्राइव्हमध्ये 'बॅकअप हात लावू नये' नावाचा फोल्डर, त्यात २०१३ सालची एकच अगडबंब फाइल. त्या काळी दुकानात विंडोज घालून झाली, ड्रायव्हर बसले, की सगळ्या सी ड्राइव्हची एक फाइल करून ठेवायचे. व्हायरस आला की दहा मिनिटांत मशीन पहिल्यासारखं. 'घोस्ट मारणे' हा तेव्हा आपल्याकडच्या दुकानांत रूढ शब्द होता. मूळ प्रोग्राम न्यूझीलंडमधल्या एका कंपनीने नव्वदच्या दशकात केला, १९९८ साली सिमँटेकने तो विकत घेतला, आणि तिथून तो आमच्या राजारामपुरीपर्यंत पोचला.

पण हे भूत राहत होतं कुठे? डी ड्राइव्हमध्ये. म्हणजे त्याच डिस्कवर, जी कट्टकट्ट करत होती. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन दालनं. अकरा वर्षं मी तो फोल्डर जपला, जागा कमी पडली तेव्हा स्वतःचं काम पुसलं पण त्याला हात लावला नाही. घराची जादा किल्ली घराच्याच कपाटात ठेवून बाहेरून दार ओढून घ्यावं, तसला प्रकार. मुलगा गणपतीसाठी पुण्याहून आलेला होता, तो एवढा हसला की सासूबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

हसून झाल्यावर कामाला मात्र तोच लागला. त्याने पेनड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा प्रोग्राम चालवला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, ती हा वाचून दाखवतो. निळ्याऐवजी पिवळा चौकोन. 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीपुढे १सी. हा आकडा दहाऐवजी सोळावर मोजायच्या पद्धतीतला. त्यात सी म्हणजे १२, म्हणून १६ अधिक १२, २८. डिस्कवरच्या २८ जागा धड वाचताही येत नाहीत आणि डिस्कने त्या अजून बादही केलेल्या नाहीत.

"आई, आता यावर काहीही नवीन टाकू नकोस. आज रात्री इमेज काढू, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल."

त्यासाठी त्याने निवडला क्लोनझिला. फुकटचा, तैवानमधल्या एका सरकारी संगणन केंद्रातल्या मंडळींनी बनवलेला. पेनड्राइव्हवर घालायचा, मशीन विंडोजऐवजी त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचं. हे मला फार पटलं. विंडोज झोपलेली असतानाच तिचा फोटो काढायचा, म्हणजे हलत नाही. दिसायला मात्र अगदी रुक्ष. करड्या चौकटी, बाण वरखाली, माउस नाही. मी डॉसवर शिकलेली असल्यामुळे मला माहेरी आल्यासारखं वाटलं, आणि मुलाला मात्र प्रत्येक वेळी स्पेसबार की एंटर हे आठवावं लागत होतं.

तो विचारतो, डिस्कवरून इमेज करायची की डिस्कवरून थेट डिस्कवर? इमेज. ठेवायची कुठे? बाहेरच्या १ टीबीच्या डिस्कवर. घ्यायची कुठली? इथे मात्र डोळ्यांत तेल घालावं लागतं. सी, डी अशी नावं इथे नसतात. एसडीए, एसडीबी असतात, आणि ती कोणाला मिळतील याचा नेम नाही. नावापुढे कंपनी आणि आकार लिहिलेला असतो, तोच बघायचा. मी टेबलावर कागद ठेवून लिहूनच घेतलं: ५०० वाली जुनी, १००० वाली बाहेरची.

रात्री साडेनऊला सुरू केलं. पडद्यावर टक्का चढत होता, मिनिटाला पावणेदोन जीबीच्या आसपास. डिस्क ५०० ची असली तरी भरलेली १४० जीबीच होती, आणि हा फक्त भरलेला भाग उचलतो. सव्वा तासात होईल असा हिशोब. सी झाला. डी सुरू झाला. ६१ टक्क्यांवर आकडा थबकला. कट्ट. कट्ट. मग लाल अक्षरांत काहीबाही, आणि काम बंद.

त्या २८ जागांपैकी एखादी आडवी आली होती. प्रोग्राम इमानी आहे. वाचता येत नाही तर खोटं कशाला लिहू, म्हणून थांबतो. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी तज्ज्ञांसाठीच्या मेनूत जाऊन 'रेस्क्यू' या पर्यायावर फुली मारली. मग तो न वाचता आलेल्या तुकड्याच्या जागी भरताड घालून पुढे सरकतो. म्हणजे तो तुकडा ज्या फाइलीत असेल ती फाइल कामातून जाणार. कुठली, ते तेव्हा कळत नाही. मी म्हटलं, जाऊ दे, एखादं पान गेलं तरी पुस्तक राहील.

याच फेरीत, बाराच्या सुमाराला, लाईट गेली. पावसाची रिपरिप होतीच. इन्व्हर्टरने उचललं. आम्ही पंखा बंद केला, फ्रीजचा प्लग काढला आणि अंधारात त्या पडद्याच्या उजेडात बसून राहिलो. मुलगा खुर्चीतच झोपला. मला मात्र तो आवाज ऐकत बसावं लागलं. ६१ टक्क्यांवर डिस्क जवळजवळ चाळीस मिनिटं कण्हत होती. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखं झालं होतं. मग ६२. पुढे सुरळीत.

पहाटे बाहेरच्या डिस्कवर एक फोल्डर तयार होता, ९७ जीबीचा. नावात तारीख आणि वेळ. आत एकच फाइल नव्हती, बऱ्याच होत्या. डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत त्याचा तक्ता वेगळा, प्रत्येक भागातला माल वेगळा. शेवटी त्याने स्वतःच इमेज तपासली आणि ती परत घालता येण्यासारखी आहे असा निर्वाळा दिला. मी खूश. मुलगा म्हणाला, खूश होऊ नकोस; फाइल धड आहे एवढंच तो सांगतोय, तुझी विंडोज उठेल असं सांगत नाहीये. ते दुसऱ्या डिस्कवर घालून बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि दुपारच्या गाडीने तो पुण्याला गेला.

त्यानंतरचे काही दिवस मी त्याच डिस्कवर, जीव मुठीत धरून, दिवाळी अंक लावत होते. इमेज त्या रात्रीची. नंतरचं काम तिच्यात येणार नाही, म्हणून रोज संध्याकाळी त्या दिवसाची पानं पेनड्राइव्हवर. दिवे लागणीची वेळ आणि पेनड्राइव्हची वेळ एकच झाली.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर चालणारी नवी डिस्क, आणायला निघाले तर सासूबाई आडव्या आल्या. पितृपक्ष लागला होता. "पंधरा दिवसांनी काय ती जगबुडी होणार आहे? घटस्थापनेला घे." मी म्हटलं, "आई, नवीन काही नाही, जुनाच माल आहे, फक्त डबा बदलतेय." त्यांना पटलं नाही, पण डब्याचं ऐकून गप्प बसल्या. दुकानातून ४८० जीबीची एसएसडी आणली. १४० जीबीच तर भरायचे होते, रग्गड झाली.

रात्री मुलगा फोनवर, मी क्लोनझिलासमोर. जुनी डिस्क काढून ठेवली होती, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जायला नको. इमेज निवडली, एसएसडी निवडली, आणि त्याने साफ नकार दिला. ज्या डिस्कची इमेज आहे ती मोठी, तुम्ही देताय ती लहान.

माल १४० चा असला तरी इमेजमध्ये तक्ता ५०० च्या डिस्कचा असतो. डी ड्राइव्हची शेवटची भिंत ५०० च्या टोकाला. ती भिंत ४८० च्या प्लॉटवर उभी राहणार कशी? मुलाने उपाय सांगितला: जुनी डिस्क परत लाव, विंडोजमधून डी आकसून घे, पुन्हा इमेज काढ, आणि मग आकार न तपासण्याचा पर्याय देऊन घाल. उपाय बरोबर होता. पण त्या कण्हणाऱ्या डिस्कला आणखी एक रात्र जागवायची माझी तयारी नव्हती. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, वरचे पैसे दिले आणि ५१२ वाली आणली. दुकानदाराने फोडलेला खोका बघून तोंड वाकडं केलं, पण बदलून दिली. बाहेर पडताना वाटलं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक हेलपाटा वाचला असता. ५०० च्या जागी ५१२ चालते, ४८० नाही. सासूबाईंना दुसरा खोका दाखवलाच नाही.

ही बसली. परत घालताना क्लोनझिला दोनदा विचारतो, नक्की ना? या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पहिल्यांदा वाय दाबताना काही वाटलं नाही, दुसऱ्यांदा हात थबकला. कागदावरचे आकडे पुन्हा वाचले आणि मगच दाबलं. तासाभरात काम झालं. एसएसडी एवढीशी, जुन्या डिस्कच्या खाचेत बसेना, ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने कॅबिनेटच्या तळाला चिकटवली. पेनड्राइव्ह काढला. बटण दाबलं.

विंडोजचे चार रंगीत ठिपके आले, एकत्र यायला लागले, आणि निळा पडदा चमकून मशीन पुन्हा चालू. पुन्हा ठिपके, पुन्हा निळा. मोबाइलवर व्हिडिओ काढून थांबवून बघितलं: ०x००००००७बी. मुलाने सांगितलं, विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाहीये.

मला रडूच आलं. रात्रभर कण्हत काढलेली इमेज बिनकामाची, आणि दुसऱ्या दिवशी अंकाच्या संपादकांना पहिली १६ पानं द्यायची. म्हटलं, असू दे, जुनी डिस्क लावते, तिच्यावर काम उरकते. एसएसडी सोडवली, जुनी लावली.

तीच गत. ठिपके, निळा पडदा, ७बी.

आणि तिथे माझं डोकं ताळ्यावर आलं. जुनी डिस्क काढली त्या संध्याकाळपर्यंत चालत होती. तीही आता उठत नाही, म्हणजे दोष इमेजचा नाही, मशीनमध्येच काहीतरी बदललंय. रात्री अकराला दादांना फोन लावला. त्यांनी माझं रामायण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"वहिनी, मशीन चालू करताना डिलीट दाबा. तारीख काय दाखवतंय?"

"१ जानेवारी २०११."

"सेल गेलाय."

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक बटण-सेल असतो, तारीख आणि काही सेटिंग्ज लक्षात ठेवायला. माझा कधीचाच मेला असणार. पण प्लग भिंतीत असला की मशीन बंद असतानाही बोर्डाला थोडी वीज मिळते, आणि घरात इन्व्हर्टर आल्यापासून ती कधी तुटलीच नव्हती. डिस्क बदलायला मी शहाण्यासारखा प्लग काढला, आणि बोर्ड सगळं विसरला. २०११ साली दादांनी आधी जुनी विंडोज एक्सपी घातली होती. ती डिस्कच्या नव्या पद्धतीवर चढेना, म्हणून त्यांनी बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, एएचसीआय ही नवी पद्धत बदलून जुनी आयडीई केली होती. पुढे विंडोज ७ त्यावरच बसली. आता बोर्ड स्वतःच्या मूळ सवयीवर गेला, एएचसीआयवर, आणि विंडोज म्हणू लागली, हा दरवाजा माझ्या ओळखीचा नाही.

"साटा मोड म्हणून ओळ असेल, तिथे आयडीई करा, एफ-१० दाबा."

केलं. एसएसडी परत लावायला हात थरथरत होते, या वेळी प्लग न काढता फक्त मागचं बटण बंद केलं. (ते बटणही बंद केलं की बोर्डाची वीज जातेच, हे पुन्हा निळा पडदा बघून कळलं. पुन्हा डिलीट, पुन्हा आयडीई.) मग ठिपके एकत्र आले, खिडकी झाली, आणि माझा डेस्कटॉप. तोच महालक्ष्मीचा फोटो, तेच तीन रांगांत कोंबलेले आयकॉन. पेजमेकरवर क्लिक केलं. अकरा सेकंद. पान उघडलं, मराठीत. डोंगलचा दिवा हिरवा. मधल्या दिवसांची पानं पेनड्राइव्हवरून चढवली. घरात आवाज फक्त पंख्याचा.

सकाळी नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून तो सेल आणला, सीआर २०३२. मग प्रत्येक दिवाळी अंकाच्या आधी आणि नंतर एक इमेज, अशी पद्धत पडली. बाहेरची डिस्क बहिणीच्या घरी राहते, आमच्या नाही. जुनी डिस्क कपाटात आहे. तिच्यातलं भूतही तिच्यासोबत, आणि त्याचा जुळा भाऊ इमेजमधून नव्या डी ड्राइव्हमध्ये उतरला होता, तो मी पहिल्याच आठवड्यात पुसला.

भरताड कुठे पडलं ते मार्गशीर्षात कळलं. एका लग्नपत्रिकेसाठी गिऱ्हाइकाने "मागच्या वर्षी आमच्या चुलतभावाच्या पत्रिकेवर होता तोच गणपती" मागितला. चित्र उघडलं. मुकुट आहे, कान आहेत, सोंड अर्ध्यापर्यंत आहे, आणि त्याखाली सपाट करडा रंग. जेपीजीत एक तुकडा बिघडला की बहुतेकदा पुढचं सगळं जातं. ना मोदक, ना उंदीर. तो गणपती एका जुन्या कलाकाराने हाताने काढून स्कॅन करून दिलेला होता, दुसरी प्रत कुठेही नाही.

गिऱ्हाइकाला फोन करून विचारलं, कलश टाकला तर?

"चालतंय की," म्हणाले.